सांगलीच्या घरात नॅस: डिस्क कोणती, बॉक्स कुठे आणि तिसरी प्रत कुणाकडे

घरातला डेटा सहसा चार ठिकाणी पसरलेला असतो. फोटो दोन-तीन मोबाइलमध्ये, हिशेबाच्या फायली कॉम्प्युटरवर, लग्नाचं शूटिंग ड्रॉवरमधल्या एका जुन्या यूएसबी डिस्कवर, आणि सातबारा-खरेदीखताचे स्कॅन कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. हे सगळं एका जागी आणायचं, घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून आणि फोनवरून उघडायचं, तर नॅस लागतो. नॅस म्हणजे राउटरला तारेनं जोडलेला एक छोटा कॉम्प्युटर. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. काम एकच, फायली सांभाळणं आणि मागेल त्याला देणं.

घरात कॉम्प्युटर एकच असेल आणि एकूण डेटा ५०० जीबीच्या आत असेल, तर नॅस घेऊ नका. दोन यूएसबी डिस्क घ्या, आलटून पालटून बॅकअप घ्या आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. तेवढ्यानं भागतं.

किती जागा लागेल

अंदाजानं नको, मोजून ठरवा. मोबाइलचा एक फोटो ३ ते ५ एमबी धरा. फोर-के व्हिडिओच्या एका मिनिटाला साधारण ३५० ते ४०० एमबी लागतात. फोनमध्ये एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत साठवायची पद्धत) चालू असेल तर त्याच्या निम्मे. मिरजेत अनेक घरांत गाण्याच्या बैठकींच्या जुन्या कॅसेट आहेत. त्या उतरवून घ्यायच्या असतील, तर २४ बिट ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा एक तास २ जीबीच्या थोडा वर जातो. म्हणजे २०० कॅसेट, प्रत्येकी एक तास, की ४०० जीबी झाले.

आजचा सगळा डेटा मोजा आणि त्याच्या तिप्पट घ्या. बहुतेक घरांना ४ टीबी पुरतात. ४ टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ३.६ टीबी दिसते, त्यात दुकानदाराची फसवणूक नाही: कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. आणि डिस्क ८० टक्क्यांवर भरू देऊ नका. स्नॅपशॉटना, म्हणजे ठरावीक वेळी फायली जशा होत्या तशा जपणाऱ्या नोंदींना, जागा लागते.

बॉक्स

रस्ते तीन आहेत. राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावणं हा पहिला, आणि तो सोडून द्या. वेग कमी, युजर आणि परवानग्या नावापुरत्या, आणि डिस्क खराब होत चालली तरी कुणी सांगत नाही.

दुसरा रस्ता जुन्या डेस्कटॉपचा. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर टाकता येतं, दोन्ही फुकट. ओपनमीडियाव्हॉल्ट ४ जीबी रॅमवर आरामात चालतं, ट्रूनॅसला किमान ८ जीबी लागतात. सिस्टिमसाठी छोटी एसएसडी वेगळी ठेवा, डेटाच्या डिस्कवर सिस्टिम टाकू नका. लिनक्सची भीती नसेल तर हा रस्ता चांगला, पण वीज मोजा. जुना डेस्कटॉप ५० वॅट खात असेल तर महिन्याला ३६ युनिट होतात. दोन डिस्कचा तयार बॉक्स २० वॅटच्या आसपास, म्हणजे १४ ते १५ युनिट. तुमच्या बिलावरचा दर लावून तीन वर्षांचा हिशेब करा, मग जुना कॉम्प्युटर खरंच फुकट पडतो का ते कळेल.

तिसरा रस्ता तयार बॉक्सचा: सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे. घरासाठी आमचा कौल यालाच. दोन डिस्कचाच घ्या, एका डिस्कचा नको. घेण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, स्नॅपशॉटची सोय आहे का. दोन, सॉफ्टवेअर अपडेट अजून किती वर्षं मिळणार. स्वस्तात मिळणारं जुनं मॉडेल इथेच महाग पडतं. तीन, कंपनीच्या यादीत तुम्ही घेणार ती डिस्क आहे का. प्रोसेसरच्या चर्चेत अडकू नका. फायली ठेवायला आणि फोटो बघायला साधा प्रोसेसर पुरतो.

डिस्क: इथे पैसे वाचवू नका

बॉक्स बंद पडला तर नवा आणता येतो. डेटा राहतो तो डिस्कवर, आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथेच.

हार्ड डिस्कमध्ये डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं तिथे एक ट्रॅक बदलायला शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. जोडीतली एक डिस्क मेली, नवी लावली आणि पूर्ण ४ टीबी तिच्यावर सलग लिहायची वेळ आली, की एसएमआर डिस्क रांगायला लागते आणि कधी कधी बॉक्स तिलाच नापास करून बाहेर काढतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या साध्या रेड डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हा जगभर ओरड झाली ती याच कारणानं. त्यानंतर कंपनीनं सीएमआर डिस्कना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. म्हणून दुकानात नुसतं ‘रेड द्या’ म्हणू नका, ‘रेड प्लस’ म्हणा. सीगेटमध्ये आयर्नवुल्फ घ्या. डेस्कटॉपसाठीच्या बॅराकुडामध्ये बऱ्याच डिस्क एसएमआर आहेत. लेबलवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर तपासा आणि मगच पैसे द्या.

दुकानातच आणखी एक काम उरकून घ्या. लेबलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. ‘या देशात वॉरंटी नाही’ किंवा ‘कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीकडे जा’ असं उत्तर आलं, तर ती डिस्क परत करा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, आणि साध्या तपासणीत त्यांचे तास शून्य दिसत होते. अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडून बाजारभावापेक्षा खूप स्वस्त डिस्क घेताना हे लक्षात ठेवा. ओळखीच्या दुकानातून, जीएसटी बिलासकट घेतलेली डिस्क दोनशे-तीनशे रुपये महाग पडली तरी परवडते.

दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नका. शक्य असेल तर दोन दुकानांतून घ्या, म्हणजे एकाच बॅचचा दोष दोघींत येणार नाही.

डिस्क बसवल्यावर डेटा टाकायच्या आधी स्मार्ट चाचणी, म्हणजे डिस्कची स्वतःचीच तपासणी, लावा, त्यातली ‘एक्स्टेंडेड’. ४ टीबीला सात-आठ तास लागतात, रात्रभर चालू द्या. सकाळी चार आकडे बघा. पाच क्रमांकाचा, रीअलोकेटेड सेक्टर्स, शून्य हवा. १९७, पेंडिंग सेक्टर्स, तोही शून्य. नऊ क्रमांकाचा म्हणजे डिस्क किती तास चालली ते. नव्या डिस्कला जेमतेम दहा-बारा दिसायला हवेत. १९९ हा सीआरसी चुकांचा, म्हणजे डेटा डिस्कपर्यंत जाता-येताना बिघडल्याचा. तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसतो, केबलचा किंवा नीट न बसलेल्या ट्रेचा असतो. पहिल्या दोनांपैकी एकही आकडा नव्या डिस्कमध्ये शून्याच्या वर दिसला, तर वाट न बघता बदलून घ्या.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

दोन डिस्क रेड-१ (RAID 1, म्हणजे मिरर; डिस्कच्या ‘रेड’ या नावाशी याचा संबंध नाही) मध्ये लावल्या की एकीवर लिहिलेलं दुसरीवरही लिहिलं जातं. दोन्ही मिळून ८ टीबी असले तरी वापरायला ४ टीबीच मिळतात. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, एवढाच याचा फायदा. चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते त्याच क्षणी दोन्हीकडून जातं. व्हायरसनं फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. चोर बॉक्स उचलतो तेव्हा दोन्ही डिस्क त्यातच असतात. आणि सांगलीत राहणाऱ्याला चौथं उदाहरण द्यायची गरज नसावी. २००५, २०१९, २०२१ चे पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

बॉक्स ठेवायचा कुठे

गावभागात, मारुती चौकाच्या आसपास किंवा नदीकाठच्या कुठल्याही वस्तीत घर असेल, तर बॉक्स तळमजल्यावर नको. राउटर खाली असला तरी चालेल, एक केबल वर न्या. २०१९ चं पाणी तुमच्या भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ते घरातल्यांना माहीत असतंच. त्या खुणेच्या वरचा मजला धरा.

बंद कपाट, टीव्हीच्या युनिटचा मागचा कोपरा आणि पत्र्याखालची खोली टाळा. बहुतेक बॉक्स ४० अंश खोली-तापमानापर्यंतचेच असतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा तिथे सहज पोचतो. मागे दहा सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, पंख्याची जाळी महिन्यातून एकदा ब्रशनं झाडा. डिस्कचं तापमान ४५ च्या आत राहिलं तर उत्तम. ५० च्या वर जायला लागलं की जागा बदला. डिस्कचा टकटक आवाज होतो, म्हणून झोपायच्या खोलीत नको.

विजेचं प्रकरण वेगळं बघा. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस पुरतो, पण त्याला यूएसबी पोर्ट असलाच पाहिजे. स्वस्त यूपीएसना तो नसतो. त्या पोर्टमधूनच यूपीएस नॅसला ‘वीज गेली’ असं सांगतो आणि नॅस स्वतःहून नीट बंद होतो. पाच मिनिटांत वीज आली नाही तर बंद हो, अशी सेटिंग करा. घरातला इन्व्हर्टर याची जागा घेत नाही, कारण बॅटरी संपत आल्याचं तो नॅसला कळवत नाही. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यामागे लावलेला यूपीएस ती वीज स्वीकारत नाही आणि स्वतःच्या बॅटरीवरच राहतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. वर्षातून एकदा, कुणी काम करत नसताना, प्लग काढून बघा की नॅस खरंच बंद होतो का.

वळवाच्या पावसात वीज पडते ती फक्त मेनलाइनमधून घरात येते असं नाही. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची लॅन केबल थेट राउटरला जोडलेली असेल, तर धक्का तिथूनही येतो. कॅमेरे वेगळ्या नेटवर्क स्विचवर घ्या, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

केबल

नॅस वाय-फायवर चालवू नका. नॅस ते राउटर तार हवीच, आणि मुख्य कॉम्प्युटरलाही दिली तर उत्तम. कॅट ६ घ्या, पूर्ण तांब्याची. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त असते, पण क्रिंप केल्यावर, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवल्यावर, काही महिन्यांत तिचे जोड सैल होतात.

वेग मिळत नाही अशी तक्रार असते, तिथे शंभरात नव्वद वेळा गोष्ट या छोट्या प्लॅस्टिकच्या टोकात असते. कनेक्टर उजेडात धरा आणि पारदर्शक बाजूनं तारा मोजा. आठ दिसल्या पाहिजेत. क्लिप खाली आणि तोंड समोर धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, म्हणून पूर्वी चार तारांत काम उरकलं जाई आणि नेट चालूही असे. गिगाबिटला आठही लागतात. जास्तीच्या चारांपैकी एक तार जरी पितळी दातापर्यंत पोचली नसेल, तरी जोडणी मुकाट्यानं १०० वर उतरते. मग ५०० जीबी कॉपी करायला सव्वा तासाऐवजी साडेबारा तास लागतात. मोठ्या फायली सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जात असतील तर केबल ठीक आहे. ११ वर अडकल्या असतील तर टोक कापून पुन्हा क्रिंप करा.

सुरुवातीची मांडणी

डिस्क ट्रेमध्ये बसवताना लेबल वर, जोडणीचे दात मागे. साडेतीन इंची डिस्कला बहुतेक ट्रेत स्क्रू लागत नाहीत, बाजूच्या पट्ट्या ‘टक’ होईपर्यंत दाबायच्या. ट्रे आत सरकवताना शेवटच्या अर्ध्या इंचाला थोडा जोर लागतो. तो अर्धवट राहिला की डिस्क दिसत नाही, आणि लोक डिस्क खराब आहे म्हणून परत घेऊन जातात.

सगळ्यात आधी राउटरमध्ये जाऊन नॅसचा पत्ता कायम करा, त्याला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात. जिओच्या राउटरचं पान १९२.१६८.२९.१ वर उघडतं, इतर अनेकांचं १९२.१६८.१.१ वर. हे केलं नाही तर एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर नॅसचा पत्ता बदलतो आणि सगळ्यांचे शॉर्टकट तुटतात.

मग बॉक्सचं सॉफ्टवेअर टाका, अपडेट करा, वेळ भारताची लावा, रेड-१ करा. फाइल सिस्टिम निवडायला मिळाली तर सिनॉलॉजीवर बीटीआरएफएस घ्या, ट्रूनॅसवर झेडएफएस असतेच. मिरर पहिल्यांदा जुळायला काही तास जातात. तोपर्यंत फायली टाकता येतात, पण थांबलेलं बरं.

‘अ‍ॅडमिन’ नावाचं मूळ खातं बंद करा आणि दुसऱ्या नावाचं व्यवस्थापक खातं उघडा, दोन टप्प्यांच्या लॉगिनसह. घरातल्या प्रत्येकाला वेगळा युजर द्या. आजीला फोटो फक्त बघायचे असतील तर ‘फक्त वाचा’ अशी परवानगी पुरे. आणखी एक युजर केवळ बॅकअपसाठी ठेवा, त्याचा पासवर्ड कुणाच्याही कॉम्प्युटरमध्ये साठवलेला नको. याचं कारण असं, की कॉम्प्युटरमध्ये घुसलेला व्हायरस झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेल्या फोल्डरपर्यंत सहज पोचतो. बॅकअपचं फोल्डर जोडलेलंच नसेल तर ते वाचतं.

विंडोजमध्ये ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ वापरून फोल्डर जोडा. इथे अडचणी ठरलेल्या आहेत. नॅस दिसतच नसेल तर नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का बघा आणि ते ‘प्रायव्हेट’ करा. पासवर्डशिवाय जोडायचा प्रयत्न केला तर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या नकार देतात. उपाय म्हणून सुरक्षा ढिली करू नका, युजर आणि पासवर्ड द्या. एकाच नॅसला एकाच वेळी दोन युजरनी जोडलं तरी चूक येते. आधीची जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढा. एसएमबी-१ (नेटवर्कवर फायली देण्या-घेण्याची जुनी पद्धत) चालू करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेनं पसरला होता.

स्नॅपशॉट रोज रात्री एक घ्या, ३० दिवसांचे ठेवा. कंपनीच्या ई-मेल सूचना चालू करा आणि चाचणीचा मेल खरंच येतो का बघा.

बाहेरून बघायचं असेल तर

राउटरमध्ये पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातले असेच उघड्यावर ठेवलेले क्यूनॅपचे बॉक्स कुलूपबंद केले. तसंही आपल्याकडच्या अनेक फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही काम होत नाही. टेलस्केल वापरा, ते तुमच्या उपकरणांना आपसांत खासगी वाटेनं जोडणारं अ‍ॅप आहे. नॅसवर टाका, फोनवर टाका, दोन्हीकडे एकाच खात्यानं लॉगिन करा. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला घरचा नॅस घरात बसल्यासारखा दिसतो, बाकी कुणाला दिसत नाही.

तिसरी प्रत

सांगली जिल्ह्याचा पश्चिम भाग पाण्यात असतो तेव्हा जत, आटपाडी, कवठेमहांकाळ पावसाची वाट बघत असतात. तिकडे कुणी नात्यातलं असेल तर तुमची तिसरी प्रत त्यांच्या कपाटात ठेवा. सांगलीतल्याच विश्रामबागचा मित्रही चालेल, पण पूर, आग, चोरी या तिन्हींतून एकाच वेळी सुटायचं तर गाव वेगळं असलेलं बरं.

त्यासाठी ४ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क घ्या. एक घरी, नॅसला लावून आठवड्याला कॉपी घेणारी, दुसरी जतला. वर्षातून तीनदा अदलाबदल करा: दिवाळीत, गुढीपाडव्याला, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात. मेची चुकवू नका. डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे बसमध्ये विसरली तरी घरची कागदपत्रं कुणाच्या हाती लागणार नाहीत. एन्क्रिप्शनची किल्ली कागदावर लिहा आणि डिस्कसोबत न ठेवता दुसरीकडे ठेवा. किल्ली हरवली तर डेटाही गेला, कंपनीसुद्धा काही करू शकत नाही.

एक खाचखळगा इथे आहे. काही बॅकअप अ‍ॅप स्वतःच्या बंद स्वरूपात प्रत लिहितात, ती त्यांच्याच सॉफ्टवेअरनं उघडते. ईएक्सटी-४, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली, डिस्क विंडोजला लावली तर ते ती फॉरमॅट करायला सांगतं, आणि घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणतो. जतच्या डिस्कवर कागदाची चिठ्ठी चिकटवा: कशानं उघडायची, ‘फॉरमॅट’ विचारलं तर ‘नाही’ म्हणा. दर सहा महिन्यांनी त्या डिस्कवरून दहा फायली उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप धरू नका.

पाणी वाढायला लागलं की

कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पुलापाशी पाणी ३५ फुटांच्या पुढे गेलं, की नॅस वेब पानावरून नीट बंद करा. बटण दाबून धरू नका. ट्रेंवर पेन्सिलनं १ आणि २ लिहा, डिस्क ट्रेसकट काढा, अंगावरच्या जाड टॉवेलमध्ये वेगवेगळ्या गुंडाळा. एकीचं वजन पाऊण किलोच्या आतच असतं, दोन्ही पाठीवरच्या पिशवीत बसतात. बॉक्स राहिला तरी चालेल. नव्या बॉक्समध्ये, त्याच कंपनीच्या, त्याच क्रमानं डिस्क लावल्या की बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं उभं राहतं.

डिस्क भिजलीच, तर तिला वीज देऊ नका. हवेच्या, म्हणजे हेलियम न भरलेल्या, डिस्कला झाकणावर एक बारीक छिद्र असतं, शेजारी ‘हे बुजवू नका’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. गढूळ पाणी तिथूनच आत शिरतं. उन्हात वाळवली किंवा तांदळात पुरली तर आतला गाळ तबकड्यांवर सुकून घट्ट बसतो आणि डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेचं काम कठीण होतं. ओली आहे तशीच झिपच्या पिशवीत हवाबंद करा, वर सीरियल नंबर लिहा, आणि पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे लवकरात लवकर पोचवा. जतची डिस्क मात्र तोवर हलवू नका. नवा बॉक्स आला की आधी तिची दुसरी प्रत काढा, मगच बाकीचं काम सुरू करा.